उत्तरेची भिंत

सोमवार, २ डिसेंबर
लोणावळ्यात पोचलो. भुशीच्या रस्त्यावरचा तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट, मालकाने आठ दिवस राहून बघायला दिलाय. यजमान महिपती फाउंड्रीतून निवृत्त झाले ते छातीत खोकला घेऊनच. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. म्हणून सुदुंबऱ्याचं घर विकलं. आता हे पसंत पडायलाच हवं.
दहा वर्षं सोसायटीची सेक्रेटरी होते, घर बघायला मला कुणी शिकवायला नको. नळाला जोर चांगला. बाथरूमचा उतार बरोबर. छताला ओल नाही. मग रुपयाच्या नाण्याने भिंती वाजवत फिरले. झोपायच्या खोलीतली उत्तरेची भिंत एका ठिकाणी पोकळ बोलते. गिलावा सुटला असेल.
ह्यांनी गॅलरीत उभं राहून दोनदा चहा मागितला. किती महिन्यांनी.

मंगळवार, ३ डिसेंबर
दुपारी जेवताना भिंत वाजली. तीनदा. मीही काल तीनदाच वाजवली होती. खाली उतरून बाहेरून बघितलं. त्या बाजूला पाइप नाही, शेजारचा फ्लॅट नाही. नुसती दरी.
जिना झाडणारी बाई आहे, बाया नावाची, डोंगरावरच्या वाडीतली. तिला विचारलं. झाडू थांबवून म्हणाली, "ताई, तुमी वाजवून बघितली का? आदीच्यांनी बी बघितली. समदं सामान टाकून गेली ती लोकं. वाजली तरी जवाब देऊ नगा."
ह्यांना सांगितलं तर हसले. उठून गेले आणि भिंतीवर तीनदा टकटक करून आले.

गुरुवार, ५ डिसेंबर
ह्यांचा खोकला थांबलाय. कालपासून एकदाही नाही. मला आनंद व्हायला हवा. पण खोकला ऐकू येतो. भिंतीतून. तसाच, शेवटी घरघर लागणारा.
हे पलंग ओढून भिंतीला कान लावून बसलेत. जेवायलाही उठत नाहीत. चला, सोमाटण्याला माझ्या बहिणीकडे जाऊ, म्हणून मी पाया पडले. हे म्हणाले, इथं बरं वाटतंय, राजेश्वरी. माझ्याकडे बघितलं नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर
हे नाहीत. आंघोळ करून आले तर पलंग रिकामा. दाराला आतून कडी. खिडक्यांना गज. चपला जागेवर.
पोलीस म्हणाले, कडी तुम्हीच नंतर लावली असेल, आठवा. भिंतीतला खोकला त्यांना ऐकू आला नाही. बायाला आला. ती धावत खाली गेली.

शनिवार, ७ डिसेंबर
बाया वाडीतली माणसं घेऊन रानात शोधतेय. मी नाही गेले. हे कुठे आहेत ते मला ठाऊक — हातोडी आणली. गिलावा पडला. वीट निघाली. पलीकडे दरीतला उजेड दिसायला हवा. दिसत नाही. काळोख. आतून ऊबदार वारा. अहो, म्हणून हाक मारली. खोकला थांबला. ऐकतंय —

रविवार, ८ डिसेंबर, सकाळ
खांद्यापर्यंत हात आत घातला. धरला त्यांनी. घट्ट. ओढत नाहीत, नुसता धरून — रडले मी. वही पलंगावर, डाव्या हाताने लिहितेय. पोलिसांना दाखवीन.

बाया जिन्यात ओरडतेय. ताई, भाऊ गावले, वढ्याकडं गावले, जित्ते हायेत. तिच्यामागून खोकत, धापा टाकत ह्यांचा आवाज. राजेश्वरी, दार उघड.

आले, मी दाराकडे ओरडले. सोडा, भिंतीत म्हणाले, पण कुणाला म्हणाले मी — बोटं आवळतायत — हे दार ठोकतायत — कडी माझ्या हातापासून लांब — खांदा आत —