कापराचं नाव

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा आता कुरकुरत नसेल. उत्तराला महिना लावला म्हणून रागावू नकोस; रागावलीस तरी चालेल, तुझ्या रागाची सवय आहे.

शब्दांच्या मुळांचा आमचा कोश छापायला गेला. अडलंय ते एकटं ‘कापूर’. रानात कापूर शोधणाऱ्या म्हातारबांबद्दल मी लिहिलं होतं ना? झाडांत शिरल्यावर त्यांचे लोक कापराचं नाव घेत नसत. घेतलं, की कापूर झाडातून पळतो म्हणे. म्हणून तिथे बोलायची भाषाच वेगळी. तिच्यातले चाळीस शब्द त्यांनी मला दिले. त्यातल्या तेवीस शब्दांची भावंडं मला ऑस्ट्रोआशियाई कुळातल्या भाषांत सापडली. किती नाचलो होतो मी! उरलेल्यांसाठी म्हातारबा परत येणार होते.

ते आले नाहीत. चूक माझीच. जाताना त्यांनी झाडाचा अस्सल कापूर पुडीत बांधून दिला. मी हुंगला, तर वासाच्या नावानं बोंब. म्हटलं, म्हातारा मला शेंडी लावतोय. कचेरीत पाच माणसांसमोर त्यांना खोटारडं म्हणालो.  ते चपला घालून निघून गेले.

पुडी घरी आणली, तर तुझी भाची दारातूनच ओरडली, “बाबा, काय आणलंय? सगळा जिना घमघमतोय!”

मला तेव्हाही काहीच वास येत नव्हता, ताई.

माफी मागायला माणूस पाठवला. म्हातारबा त्याआधीच वारले होते. रानातली ती भाषा जाणणारं आता कुणी उरलं नाही.

मग माझ्या तपासण्या झाल्या. तेव्हापासून घरात आम्हीही नाव घेत नाही. ‘ते डोक्यातलं’ म्हणतो. तुला लिहायचं नाही असं ठरलं होतं. पण लिहितो. मेंदूत गाठ आहे, कपाळामागे. काढता येण्यासारखी नाही. आधी वास गेला, आता शब्द जाताहेत. परवा चमचा हातात धरून उभा राहिलो, त्याला काय म्हणतात तेच आठवेना. शब्दांवर पोट भरणाऱ्याची ही गत. फार भीती वाटते गं.

आज सकाळी आरशासमोर उभा राहून त्या गाठीचं नाव दहादा मोठ्यानं घेतलं. पळाली नाही.

एवढंसं पत्र लिहायला चार दिवस लागले. अडलेले शब्द तुझ्या भाचीला विचारले. ती सांगते आणि तोंड फिरवते. तू लवकर ये.

तुला अजून ताई म्हणता येणारा,
तुझा धाकटा