मेश्रामच्या पोटातली गर्दी

१२ नोव्हेंबर, बुधवार
आजची तक्रार, नोंद राहावी म्हणून. मेश्रामच्या एमआरआयच्या अर्जावर 'सोबत आलेल्याचे नाते' असा रकाना. चौकोन सहा. पती/पत्नी, वडील, आई, मुलगा, मुलगी, इतर. मित्राला चौकोन नाही. तीस वर्षं रोज सकाळी ज्याच्याशी भांडलो त्याचा मी 'इतर'. आमच्या संस्कृतात इतर जन म्हणजे लग्नाला फक्त जेवायला आलेले. काउंटरवरच्या मुलीला हे सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "काका, टिक करा न, मागं लाइन लागून राहिली." केली.

मेश्राम खूश. पाली शिकवणाऱ्यानं संस्कृत शिकून पेपरात बातम्या लिहिणाऱ्याची अशी फजिती याचि डोळा पाहावी, आणखी काय हवं. "पंडित, तू इतरच आहेस गा. तुले आज कळलं का?"

आधीच्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटाकडे गाठ दिसली. शब्दाची फोड करायला गेलो, 'पिंड'पाशी थांबलो. मोठे डॉक्टर म्हणाले, "गाठ नेमकी कोणत्या जातीची ते कळत नाही, म्हणून एमआरआय." मे.नं माझ्याकडे पाहिलं. "तिथंबी आली का," एवढंच.

तीन शक्यता. एक वाईट, झपाट्यानं वाढणारी. दुसरी सावकाश चालणारी, काढली तर बरीच वर्षं मिळतात. तिसरी कॅन्सरच नाही, नुसती सूज. बाहेरून तिघी सख्ख्या बहिणी.

१२ नोव्हें., संध्याकाळ
तपासणी फसली. कारण असं की पेशंट फार शांत होता.
पोटावर पट्टा बांधतात. श्वास सुटला की मशीन एक फोटो घेतं, मग पुढच्या श्वासाची वाट बघतं. मे. पंचवीस वर्षं रोज पहाटे तासभर बसून श्वास पाहतो. त्या खडखडाटात आडवा झाल्यावर त्यानं सवयीनं तेच केलं. श्वास इतके लांबले की मशीन बिचारं ताटकळत बसलं. वीस मिनिटांचं काम तासावर गेलं, शेवटी हाताला मुंग्या आल्या, तो हलला, फोटो सगळे पुसट. टेक्निशियन बाहेर येऊन मला म्हणतो, "काका श्वास घेऊन राहिले का नाही, तेच समजत नाही मशीनले."
मे.: "श्वासाले पाहाचं असते बापा, ढकलाचं नसते."
परवा पुन्हा. अट: सगळे घेतात तसा घ्या.

१३ नोव्हें., गुरुवार
नंदनवन वस्तीत मे.च्या घरी. साधा श्वास घ्यायचा सराव चालू. त्याची बायको, शकुनवहिनी, कणीक मळता मळता, "जिनगीभर हळू श्वास घेणं शिकले, आता विसरणं शिकून राहिले." हसलो तिघंही. हसू ओसरतानाच कुकरची शिटी झाली ते बरं झालं.

१४ नोव्हें., शुक्रवार
जमलं. फोटो स्वच्छ.
"काय केलं आत?"
"तुह्याशी भांडत होतो मनात. संस्कृत आधी का पाली आधी. श्वास बरोबर लागला."
कोण जिंकलं ते सांगायला तयार नाही.

१५ नोव्हें., शनिवार
रिपोर्ट सोमवारी. फिल्म आजच मिळाल्या. वहिनींनी खिडकीशी धरून विचारलं, "भाऊजी, तुम्ही पेपरवाले. पाहून सांगा न."
पाहिलं. एका चित्रात सगळं पोट काळसर आणि गाठ तेवढी पांढरी, लख्ख. म्हणालो, उजळ दिसते आहे, चांगलं असावं. अंधारातून उजेडाकडे ने, ही प्रार्थना लहानपणी पाठ केल्याचा परिणाम. दुसरा काही आधार नव्हता.
वहिनी रात्री चार घास जास्त जेवल्या म्हणे. पुण्याला लेकीला, प्रज्ञाला, फोन करून सांगितलं, बाबाचं ठीक आहे, तिकीट रद्द कर, कंपनीची सुट्टी वाया नको घालवू.

१७ नोव्हें., सोमवार
रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. प्रज्ञाहून दोनेक वर्षांनी मोठ्या असतील. खुर्ची दिली, संगणक माझ्याकडे वळवला.
पांढरं म्हणजे चांगलं नाही. ही तपासणी पाणी पाहते. शरीरातलं पाणी मोकळं फिरत असेल तर या चित्रात काळं. अडकलं तर पांढरं. आणि दुसऱ्या चित्रात, जिथं पाण्याची चाल मोजतात, तीच गाठ काळी. म्हणजे पांढरी आणि काळी, दोन्हीकडून बातमी एकच. मी तर्कशास्त्र रीतसर शिकलो आहे. ते इथं उपयोगी पडलं नाही.
"काका, रविवारी जरीपटक्याच्या बाजारात गेले ना तुम्ही? माणूस हलू शकत नाही. तसं पाणी. पेशींची गर्दी आहे."
"मग ही वाईट जातीची?"
"गर्दी आहे एवढं दिसते. गर्दी दिवाळीची आहे, मोर्चाची आहे, का भांडण पाहायला जमली, हे छतावरून काढलेल्या फोटोत कसं कळंल? सुजेनंही होते गर्दी."
चालीचा आकडा असतो म्हणे. वाईट जातीचा साधारण इतका, सावकाश जातीचा तितका, सुजेचा आणखी कुठं. पण तिघींचे आकडे एकमेकींच्या अंगणात येतात. मे.चा नेमका सामाईक अंगणात. गुरुवारी दुर्बिणीतून सुई घालून तुकडा घ्यायचा.
मी समजल्यासारखी मान हलवली. वीस वर्षं बातमीत 'असे समजते' लिहितो, तेव्हाही असंच असतं.

१८ नोव्हें., मंगळवार
वहिनींना सांगितलं, माझं चुकलं. पांढरं म्हणजे बरं नव्हतं. वाईटच असं नाही. पण बरं असंही नाही.
त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग,
"माहीत नव्हतं तर सांगितलं काहून भाऊजी?"
मी फिल्म पुन्हा पाकिटात घातल्या.
प्रज्ञानं पुन्हा तिकीट काढलं. उद्या पोचते.
मे. फाटकापर्यंत सोडायला आला. त्याला सगळं कळलं होतं. "लय मनावर नको घेऊ गा. दोन दिवस शांत झोपली बिचारी. ते काही वाया नाही गेलं." मग थोडं थांबून, "पण मले नको सांगू असं. मले जसं असंल तसं सांगजो."
हो म्हणालो.

२० नोव्हें., गुरुवार
सुई झाली. मे. गुंगीतून उठल्यावर पहिलं वाक्य: "पंडित कुठं गेला?" प्रज्ञा म्हणाली, "काका इथंच आहेत बाबा, कालपासून नुसतं फेऱ्या मारून राहिले." मुलगी बापासारखीच बोलते.
इथंही अर्ज. मे.नं सकाळी माझ्या हातातून ओढून स्वतःच भरला होता. 'इतर'वर टिक नाही. बाजूला मोकळ्या जागेत 'भाऊ' लिहिलं. खाली फोन नंबर माझा. प्रज्ञाचा का नाही, असं विचारलं. "तिले ऑफिसात फोन गेला तर एकटीच रडंल. तू रडत नाही, तू व्याख्यान देतो."
निकाल आठवड्यात.

२३ नोव्हें., रविवार
फिरायला गेलो दोघं, फक्त कोपऱ्यापर्यंत. त्यानं वाद काढला, पाणिनीनं बोलणाऱ्या माणसांचं काय भलं केलं. मी हरलो. मुद्दाम हरलो, ते त्यानं ओळखलं आणि चिडला. "नीट भांड न बे."
सौ. म्हणते, फोन घेऊन अंघोळीला जाणं थांबवा.

२६ नोव्हें., बुधवार
निकालाचा फोन नाही. दुपारी एक आला, धावत घेतला, क्रेडिट कार्ड हवं का विचारत होता. त्याचे आभार मानले.
एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण बोलता येणार नाही.
त्या शनिवारी चित्राला उजळ म्हणालो ते न कळून. फोन मलाच येणार, म्हणजे पुढच्या वेळी मला कळलेलं असेल. वहिनी तशाच खिडकीशी उभ्या असतील, मे. माझ्या तोंडाकडे बघत असेल. जसं असेल तसं सांगेन असं मी कबूल केलं आहे. ते मला जमेल असं वाटत नाही.
आणि मेश्राम मरेल अशी मला भीती वाटते.