हात न लावता दुरुस्त झालेली गाडी

बाबा, परवा माझी गाडी दुरुस्त झाली आणि तिला कोणाचं बोटही लागलं नाही. आचऱ्याच्या तिठ्यावर तुम्ही जन्मभर इंजिनं उघडलीत, म्हणून हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. गाडी विजेवर चालते. आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा कुडाळला न्यावं लागतं, तिला एसटीचे धक्के नकोत म्हणून तुम्ही गेल्यावर घेतली.

गेल्या महिन्यात आई मागे झोपलेली असताना घाटीच्या चढणीवर गाडीचा जीवच गेला. मागे चिऱ्यांनी भरलेला डंपर, तो कसाबसा थांबला. मग कंपनीचं पत्र आलं, या सगळ्याच गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे म्हणून. फोन केला तर बाई शांतपणे सांगते, "सर, गाडी आणायची गरज नाही, अपडेट आपोआप येईल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या घरामागच्या परड्यात फोनला रेंज नाही, तिथे गाडीला कुठून मिळणार! पंधरा दिवस आईला रिक्षाने नेत नुसती वाट बघितली. कॉलेज संपल्यावर मी दुरुस्त केलेली एक जीप चालवून न बघताच गिऱ्हाइकाला दिली होती, तेव्हा तुम्ही चारचौघांत ओरडला होतात, "चलवन बघलंस? मगे चावी कित्या दिलंस?" इथे तर ओरडायला समोर माणूसच नव्हता.

शेवटी सकाळी एकटाच गाडी वरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर घेऊन गेलो. रेंज मिळाली. पडद्यावर एक रेघ भरू लागली आणि मी बाहेर गवतात उभा. आत कसलासा पंखा घुमतो, दिवे लागतात, विझतात. आजूबाजूला चिटपाखरू नाही. अर्ध्या तासाने पडदा म्हणतो, झालं. त्याच चढणीवर तीनदा नेली बाबा, लोण्यातून सुरी जावी तशी चढली. मी तोंडात बोट घालून बसलो. कुठल्या तरी लांबच्या शहरात कोणीतरी चूक शोधली आणि ती वाऱ्यावरून आमच्या सड्यावर येऊन मिटली! राग कुठल्या कुठे गेला, अंगावर काटा आला.

घरी येऊन सांगितलं, तर कुडाळला निघालेली आई दारातच अडली.

"गाडयेक कोणी हात लावल्यान?"

"कोणीच नाय. तां वरसून येता."

"मगे माका नको. मी एसटीन जातंय."

डायलिसिसनंतर तिला धड उभं राहवत नाही, एसटीने कसली येते! पण वाद घातला नाही. डिकीतला पाना काढला आणि तिच्यासमोर चारही चाकांचे नट घाम येईपर्यंत आवळले. ती एकटक बघत होती. मग मागे जाऊन बसली.

हा कागद आईच्या हाती लागता कामा नये, म्हणून घडी करून माझ्याकडेच ठेवतोय. नट आधीच घट्ट होते, बाबा. आणि खरं सांगायचं तर ते आवळून झाल्यावरच माझीही तिला घेऊन घाटी चढायची छाती झाली.