किल्ली फिरली की

सोमवार, ९ जून
आवाज टिपायचं यंत्र आधी आपापल्या घरी लावून बघा — समाजशास्त्राच्या सरांचा हुकूम. प्रश्न तसा साधा: माणसं घरात कधी गुणगुणतात, कुणाजवळ, आणि त्यानं त्यांना बरं वाटतं का. अभ्यासात आम्ही तिघं: सर, मनोविकाराच्या डॉक्टर, आणि गाण्यातलं माणूस म्हणून मी. आईला विचारलं. म्हणाली, "ठेव की. मी काय चोरी करतेय?" ओट्यावर डब्यांमागे ठेवलं.

मंगळवार, १७ जून
बैठकीत आमच्या घरचं ऐकवलं. आई भांडी घासताना गातेय, अगदी मोकळी. मी ऐटीत सगळ्यांकडे बघतेय. तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली — आणि आई ओळीच्या मधेच गप्प. पुढे माझा आवाज येणार म्हणून मी घाईघाईनं बंद केलं.
डॉक्टर म्हणाल्या, "बाकीच्या दोन्ही घरांत कुणी आलं की गाणं वाढतं. इथे कोण आलं?"
"भाडेकरू," मी म्हटलं.
भाडेकरू! तोंडातून गेलंच कसं? सरांनी ते लिहूनही घेतलं.

बुधवार, १८ जून
उरलेलं सगळं कानाला लावून ऐकलं. रोज तेच. किल्ली, की गप्प.
कारण मला ठाऊक आहे. चप्पल काढता काढता मी तिचा सूर सुधारत म्हणते ना, "आई, गंधार उतरतोय. परत घे." मला वाटायचं, गंमत चाललीय आमची. संगीतानं माणूस कसा फुलतो यावर चारचौघांत भाषणं ठोकते मी. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

गुरुवार, १९ जून
शेवटी विचारलं. आई पालेभाजी निवडत होती. "तू दिवसभर ऐकून दमतेस गं. घरी आल्यावर परत कानाला त्रास कशाला?" वर हसली. चिडली असती तर बरं झालं असतं. माफी मागायला तोंड उघडलं आणि म्हटलं काय — "चहा टाकू?"

सोमवार, २३ जून
डॉक्टरांना खरं सांगितलं नाही. आजही.

बुधवार, २५ जून
लवकर सुटले. किल्ली न लावता दाराशी उभी राहिले. आत आई तीच ओळ गात होती. अडली. थांबली. मग माझ्याच ठसक्यात स्वतःला म्हणाली, "आई, गंधार उतरतोय. परत घे."
आणि परत घेतला.