बॅटरीवर ओवाळलेला कापूर

आबा,

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. नाहीतर तुम्हाला वाटायचं, लेक आठवणी काढून रडायला बसलीय.

गाडीचं मला सगळं तुम्हीच शिकवलंत. कळसहून इंदापूरला, बाजाराच्या दिवशी बारामतीला, आपली जीप वडापला जायची; माणसं आत कोंबलेली, दोघंतिघं मागं लोंबकळत. चार पोरं गोळा झाली की त्यांच्यादेखत तुम्ही मलाच बॉनेट उघडायला सांगायचात, आणि मी फुगून जायचे. बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीवरून करंट कसा घ्यायचा, ते तुम्ही वायरी माझ्या हातात देऊन शिकवलंत. "लाल आधी आपल्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला. आन् राहिल्याली काळी आपल्या बॅटरीला न्हाय लावायची, लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. तितं ठिणगी पडती. बॅटरीतनं ग्यास निघतो, त्याच्यापाशी इस्तू न्यायचा न्हाय. बिडीबी न्हाय." तुम्ही स्वतः बिडी पायाखाली चुरडून मगच बॉनेटला हात घालायचात. म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

त्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली. पूजेत गाडीचे दिवे लावून ठेवायची तुमची हौस, आणि सोनं वाटण्याच्या गडबडीत ते बंद करायचे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीला जायची माणसं दारात उभी आणि जीप नुसती टकटक करतेय. मला पाळी आली होती, म्हणून मी गोठ्याच्या पडवीत बाजूला बसलेली. शेजारच्या तात्यांनी ट्रॅक्टर आणून जीपला नाक लावून उभा केला. तुम्ही घाईत आहात, प्रवासी कुरकुर करतायत, आणि शेवटची काळी वायर तुम्ही सरळ आपल्या बॅटरीकडं नेताय. मला राहवलं नाही. "आबा, काळी इंजिनाला!" असं ओरडत मी धावत आले. तुम्ही थबकलात, वायर इंजिनाला लावलीत, आणि जीप एका दमात सुरू झाली. तुम्ही माझ्याकडं बघून हसलात. मी ते बघितलंय आबा. तेवढा एक क्षण तुम्ही खूश होतात.

मग आत्या ओट्यावरून बोलली, "कालच पुजल्याली गाडी, आन् ही इटाळाची पदर लावती तिला! आता काय म्हनायचं ह्या पोरीला?" माझा पदर खरंच मडगार्डला लागला होता. तुमचं हसू गेलं. "हो बाजूला. शिवू नगंस," असं तुम्ही मला म्हणालात, सगळ्या प्रवाशांसमोर. आत्यानं गोमूत्र आणलं, ताटलीत कापूर पेटवून तुमच्या हातात दिला. इंजिन चालू होतं, बॅटरी जोरात चार्ज होत होती, बॉनेट उघडंच. मी पडवीतून ओरडले, "आबा, इस्तू न्हाय, इस्तू न्हाय!" तुम्ही ऐकलंत. मान वळवून बघितलंत आणि तरी ताटली आत नेऊन ओवाळलीत.

स्फोट झाला तेव्हा आत्या पहिली पळाली. तुमच्या तोंडावर ॲसिड होतं आणि तुम्ही डोळे धरून खाली बसला होतात. हौदातलं पाणी बादलीनं मी मारलं, तुमचं डोकं मांडीवर घेऊन, तुमचे हात डोळ्यांवरून ओढून काढून. तेव्हा विटाळ कुणाला आठवला नाही. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, लगेच पाणी मारलं म्हणून एक डोळा तरी राहिला.

पण गावात काय पसरलं? विटाळशी पोरगी गाडीला शिवली आणि बापाचा डोळा गेला. आत्यानं घरोघर सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, मला बघायला आलेल्यांनासुद्धा कुणीतरी सांगितलंच. मी वाट बघत राहिले, की तुम्ही एकदा तरी म्हणाल, "न्हाय, कापूर म्या नेला. पोरगी नको म्हनत व्हती." एवढंच. तुम्हाला त्यात काय जाणार होतं? लोक विचारायचे तेव्हा तुम्ही हुं म्हणायचात आणि राहिलेल्या एका डोळ्यानं जमिनीकडं बघायचात. जीप विकलीत, माझं लग्न करून दिलंत. पुढं मी माहेरपणाला आले की माझ्या लेकरांना जवळ घ्यायचात, माझ्या पोरीसाठी इंदापूरहून फ्रॉक आणायचात. मला फ्रॉक नको होता आबा. मला ते एक वाक्य हवं होतं. शेवटच्या आजारात तुमच्या उशाशी मी बसून राहिले, ती माया म्हणून कमी आणि ते वाक्य येईल म्हणून जास्त. तुम्ही पाणी मागितलंत, आईला बोलवायला सांगितलंत, आणि गेलात.

हा कागद मी फाडून टाकीन, किंवा कपड्यांच्या घडीखाली पडून राहील. वाचायचं ज्यानं, तो जिवंतपणी ऐकत नव्हता. तुम्ही खोटं बोलला नाहीत म्हणून लोक तुम्हाला सरळ माणूस म्हणतात, तेही मी ऐकून घेते.

आता माझी स्वतःची गाडी आहे, वायरी डिकीत असतात, आणि आत्याचं बोलणं खुळचटपणाचं होतं हे मी माझ्या मुलीला ठासून सांगितलंय. पण तिला एक सांगितलेलं नाही. पाळी चालू असताना जेव्हा जेव्हा गाडी बंद पडली, तेव्हा मी बॉनेट कधीच उघडलं नाही. रस्त्याच्या कडेला कुणा अनोळखी माणसाला हात केला, आणि तो वायरी लावेपर्यंत पदर गोळा करून लांब उभी राहिले.