आईचं एका बोटाचं बोलणं

समिट, न्यू जर्सी
१६ ऑक्टोबर १९७९

प्रिय लॉइडदादा,

तू वेळेवर जेवतोस असं धरून चालते. मागच्या अंगणातलं मेपलचं झाड यंदा लवकर लाल झालं. तळघरातली भट्टी दुरुस्त करून घेतली, आता थंडीची काळजी नाही.

आई बोलायला लागली. तोंडाने नाही, वाचा गेली ती गेलीच. उजव्या हाताच्या एका बोटाने.

तू बॉस्टनहून तिच्यासाठी पाठवलेली कॉम्प्युटर प्रोग्रॅमची टेप मी पुष्कळदा चालवून पाहिली. तुझ्या प्रोग्रॅममध्ये सगळंच आहे रे. शब्द ओळखणं, छापणं, नर्सला बोलावणं, दिवा लावणं. पण सगळं एकमेकांत इतकं विणलेलं, की दिव्याची तार सैल झाली तरी आईचं वाक्य अर्ध्यात अडकायचं. फोनवर तू म्हणायचास, "थोडं थांब डॉरी, पुरं झालं की सगळं एकदमच चालेल."

शेवटी माझ्या प्रयोगशाळेतला आयर्विन म्हणाला, "अगं, तिला दिवा हवाय की बोलायचंय?" आमच्याकडे रीतच तशी. एका प्रोग्रॅमने एकच काम करायचं आणि झालेलं पुढच्याच्या हाती द्यायचं. मी तुझा शब्द ओळखणारा भाग तेवढा सोडवून घेतला. त्याच्यापुढे वाक्य जुळवणारा एक, मोठ्या अक्षरांत छापणारा एक. बिघडेल तो तेवढाच बदलायचा.

तुझ्या भागाला मात्र हात लावला नाही. आई दोन अक्षरं दाबते आणि तिचा शब्द समोर येतो. तिची लाडाची नावं, तिच्या शिव्यासुद्धा. तू किती ऐकून ठेवलं होतंस, ते मला तेव्हा कळलं.

पहिलं वाक्य आलं, "सूप खारट आहे." मी रडायला लागले, तर खाली दुसरं, "एवढंही नाही."

लॉइड, रविवारी तिला पुन्हा पक्षाघाताचा झटका आला. फोनवर तू लगेच प्रोग्रॅमचं सांगायला लागतोस, म्हणून स्पेशल डिलिव्हरीच्या तातडीच्या टपालाने हे पत्र पाठवते आहे. बोट आता लवकर थकतं. डॉक्टरांनी विचारलं, "भावाला कळवलंत?" पुरं केल्याशिवाय तू यायचा नाहीस आणि ते पुरं होत नाहीय, हे मला ठाऊक आहे. तिलाही.

काल तिला विचारलं, "लॉइडला काय सांगू?" खूप वेळ लागला तिला. छापलेला कागद सोबत ठेवते आहे. त्यावर एवढंच आहे:

"रिकाम्या हाताने ये."

गुरुवारपासून संध्याकाळच्या प्रत्येक गाडीला मी स्टेशनवर असेन.

तिच्याही वतीने वाट पाहणारी,
तुझी डॉरी