भट्टीत न गेलेली भुकटी

मॅडम, प्रयोगशाळेत एकटी असले की अजून तुमचा आवाज येतो. हातात काचेची कांडी असते, हॉटप्लेटवर द्रावण आटत असतं आणि पाठीमागून तुम्ही म्हणता, "खोटं बोलू नकोस." पूर्वी मी वळून बघायचे. आता बघत नाही.

बीडमधलं आपलं कॉलेज. बाहेर चौकात कॉम्प्युटरचे क्लास निघालेले आणि भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आम्ही मोजकेच उरलेलो. तुमची पीएच.डी. चालू होती. झिंक फेराइटमध्ये थोडं थोडं निकेल मिसळलं की त्याचं चुंबकत्व कसं वाढत जातं, ते तुम्हाला दाखवायचं होतं. मी सिरसाळ्याच्या दुकानदाराची पोर, प्रॅक्टिकल संपलं तरी तुमच्याजवळ रेंगाळायची. झिंक आणि लोखंडाच्या नायट्रेटमध्ये सायट्रिक ॲसिड घालून आपण ते आटवायचो. आधी त्याची खळ व्हायची, मग ती खळ फुगून आपोआप पेट घ्यायची. ठिणग्या कडेनं आत पळत जायच्या आणि मागं उरायची हलकी, तपकिरी भुकटी. ती भट्टीत तापवली की तुमचा नमुना तयार.

त्या दुपारी माझ्याकडे निकेल न घातलेली, नुसत्या झिंक फेराइटची भुकटी आहे. लाइट गेलीय, भट्टी थंड पडलीय, तुम्ही स्टाफरूममध्ये आहात. मी बसल्या बसल्या भुकटी कागदावर पसरते आणि खालून चुंबक फिरवते. भुकटी उभी राहते, चुंबकामागं सरकत जाते. मी पळत तुम्हाला बोलवायला येते.

तुम्ही पाहिलंत आणि तुमचा चेहरा उतरला. एरवी वर्गात पुस्तकी बोलणाऱ्या तुम्ही, चिडलात की तुमच्या गावच्या, आष्टीच्या बोलीवर यायचात.

"नुसतं झिंक फेराइट असं चुंबकाला धरत न्हाई. लोखंडी चमच्यानं खरवडलंस ना?"

"न्हाई मॅडम, प्लॅस्टिकचा व्हता."

"खोटं बोलू नकोस. निकेल न घालताच हे असं व्हायला लागलं, तर माझ्या कामाला अर्थ काय राहिला? काहून केलंस असं?"

तुम्ही भुकटी बेसिनमध्ये ओतलीत, नळ सोडलात. नळाला पाणी नव्हतं. मग माठातलं पाणी आणून ओतलंत.

पुढच्याच आठवड्यात तुम्हाला कावीळ झाली, ती पोटात शिरली असं लोक म्हणाले, आणि तुम्ही गेलात. माझ्याशी तुमचं शेवटचं बोलणं तेच.

विद्यापीठात गेल्यावर मी तुमचाच विषय घेतला. तिथं कळलं. कण फार बारीक असले की त्यांच्यातले झिंक आणि लोखंड जागा बदलून बसतात, आणि निकेल नसतानाही भुकटी ओढली जाते. भट्टीत भरपूर तापवली की कण मोठे होतात, सगळे आपापल्या जागी परततात, ओढ संपते. तुम्ही कायम भट्टीतून काढलेलीच भुकटी पाहिली होतीत. निकेलचं तुमचं म्हणणंही चुकीचं नव्हतं, मॅडम. मी खरं बोलत होते आणि तरी तुमचं काही बिघडणार नव्हतं. हे ऐकायला तुम्ही नव्हता.

म्हणून मी आष्टीला, तुमच्या आईंकडे गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. जमेल तसं सगळं समजावलं. त्या ऐकत राहिल्या, मग हात थांबवून म्हणाल्या, "म्हंजी आमच्या पोरीचं चुकलं व्हतं का गं?"

"न्हाई आई," मी म्हणाले. "त्यांनीच तर शोधलं. मला बोलवून दाखवलं."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि शेजारणीला हाक मारली.

अजूनही मी दिवाळीला तिकडं जाते. आई आता फार थकल्यात, पण आलेल्या प्रत्येकीला ती गोष्ट सांगतात आणि दर वेळी त्यात थोडी भर घालतात. मी मान हलवते. कुठं पाठवणार हे पत्र, तेव्हा लिहूनच टाकते: खऱ्या दुपारपेक्षा मला ती गोष्ट आवडायला लागलीय. तिच्यात तुम्ही हसता.